बंदीच्या दिवसांत अंडी हवीत, तर पिल्लं जानेवारीत आणा



दर वर्षी 16 जूनला जाळी वर टांगली जातात ती थेट 15 ऑगस्टला उतरतात. हे दोन महिने घर कसं चालतं ते आम्ही तुम्हाला सांगायला नको. यंदा बऱ्याच घरांतून एकच विचारणा होते आहे, अंड्यांसाठी कोंबड्या पाळाव्यात का? आमचं मत, जरूर पाळा. पण घरापुरत्या, दहा-बारा. कर्ज काढून शंभर नकोत.

पहिली चूक वेळेची होते. बंदी लागली, हात रिकामे झाले की मग पिल्लं आणायची, असं आपल्याकडे चालतं. बरोबर पावसाची ओल, त्यात पिल्लं गारठून मरतात. जी जगतात ती दिवाळीपर्यंत नुसती खातात. चांगल्या जातीची कोंबडी साधारण वीस आठवड्यांनी अंड्यावर येते, गावठी त्याहून उशिरा. म्हणजे जानेवारीच्या शेवटी पिल्लं आणली तर जूनच्या मध्याला पहिलं अंडं, नेमकी बंदी लागते तेव्हा. जानेवारीत थंडी असते हे खरं, पण टोपलीवर बल्ब लावून ऊब देता येते. पहिल्या आठवड्यात 35 अंश, मग दर आठवड्याला थोडी कमी. पिल्लं बल्बखाली एकमेकांवर चढली तर ऊब कमी पडते आहे, लांब पळाली तर जास्त झाली. थर्मामीटर नसला तरी चालतं.

दुसरी चूक जातीची. झाबुआ शेजारी, त्यामुळे सगळ्यांच्या तोंडी कडकनाथ. 2018 मध्ये त्याला जीआय मिळालं, धोनीनंही तिथूनच पिल्लं मागवली. पण कडकनाथ मांसासाठी. अंडी वर्षाला 80 ते 100, आणि ती सहसा खुडूक बसत नाही, म्हणजे पिल्लंही दुसऱ्या कोंबडीखाली काढायची. अंड्यांसाठी ग्रामप्रिया बघा, किंवा जबलपूरच्या पशुवैद्यकीय विद्यापीठानं काढलेली नर्मदानिधी. तिच्यात कडकनाथचा अंश आहेच. नर-मादी वेगळे करून मिळत नसतील तर वीस पिल्लं घ्या, निम्मे कोंबडे निघतील ते खाण्यात जातील. अंड्यासाठी कोंबडा लागत नाही.

आणि "पिल्लं आम्ही देतो, खाद्य आम्ही देतो, अंडी आम्हीच दामदुपटीनं घेतो" असं कोणी म्हणत आलं तर दारातूनच परत पाठवा. 2019 मध्ये सांगली जिल्ह्यात इस्लामपूरकडे कडकनाथच्या नावानं हेच झालं. शेतकऱ्यांनी लाखो रुपये भरले, आणि अंडी घ्यायला कोणी उरलं नाही.

खाद्याचा हिशेब आधी करा. एक कोंबडी दिवसाला शंभर-सव्वाशे ग्रॅम खाते, म्हणजे दहांना महिन्याला तीस-पस्तीस किलो. इथं आपल्याला थोडी सोय आहे, विकली न जाणारी बारीक मासळी घरात असते. ती उकडून, वाळवून, कुटून थोडी मिसळा. खारवलेली मुळीच नको, मिठानं पिल्लं मरतात. आणि जास्त घातली तर अंड्याला मासळीचा वास येतो, मग आपणच नाक मुरडतो. तलावातले शिंपले भाजून भरड करून एका वाडग्यात वेगळे ठेवा, कवच मजबूत होतं.

आता जी गोष्ट आम्हाला सगळ्यांत महत्त्वाची वाटते ती. 2020 च्या डिसेंबरअखेर इंदूरमध्ये डेली कॉलेजच्या आवारात कावळे मरून पडले आणि बर्ड फ्लू निघाला, आठवत असेल. हिवाळ्यात यशवंतसागर, सिरपूरला बाहेरची बदकं उतरतात. त्यांची विष्ठा काठावर, नावेत, आपल्या चपलांना लागते. दुसऱ्या लोकांपेक्षा हा धोका आपल्याला जास्त. तेव्हा नावेवरची चप्पल खुराड्यात न्यायची नाही, जाळं खुराड्याजवळ वाळवायचं नाही, तलावाचं पाणी कोंबड्यांना पाजायचं नाही. एकदम दोन-चार कोंबड्या मेल्या तर कापून खाऊ नका, विकू तर नकाच. पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा.

मानमोडीची लस मात्र हातात आहे. पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटाचा थेंब, चौथ्या आठवड्यात पुन्हा, आठव्या आठवड्यात सुई. अडचण अशी की एका कुपीत शंभरावर मात्रा असतात, एकदा कालवली की दोनेक तासांत संपवावी लागते. दहा पिल्लांसाठी कोण आणणार? म्हणून लोक टाळतात, आणि एका आठवड्यात खुराडं रिकामं होतं. आमची सूचना अशी, दहा-बारा घरांनी एकाच दिवशी पिल्लं आणावीत आणि एकाच दिवशी लस द्यावी. बर्फाची पेटी तर आपल्या प्रत्येकाकडे आहे.

अंड्यांचे पैसे ज्या घरात बाईच्या हातात राहतात तिथं कोंबड्या टिकतात, असं आमचं पाहणं आहे. पुरुष मंडळींना राग येईल, येऊ दे. म्हणून नाव नोंदवायला वहिनी, काकूंनी स्वतः यावं. संस्थेच्या कार्यालयात 20 डिसेंबरपर्यंत नावं घेऊ, सोबत किती पिल्लं हवीत तेही सांगा. आगाऊ पैसे कोणालाही देऊ नका, आम्हालाही नाही.