पहिल्या महिन्याची बोली

नव्या मालाची जाहिरात लावली आणि आठवड्यात बंद केली, असं सांगणारे विक्रेते सतत भेटतात. कारण ठरलेलं: ‘अॅकॉस साठ टक्क्यांवर गेला.’ जाहिरातीचा खर्च भागिले जाहिरातीतून झालेली विक्री हा आकडा डॅशबोर्डवर ठळक दिसतो, म्हणून सगळा निर्णय त्याच्यावरच. आमच्या मते पहिल्या महिन्याचा जाहिरात-खर्च हा माहितीचा खर्च आहे. गिऱ्हाईक काय टाइप करून येतं आणि त्यातलं कोण पैसे मोजतं, हे त्यातून कळतं. वहीत तो लेबलच्या डिझाइनशेजारी, फोटोंच्या बिलाशेजारी लिहावा आणि त्याची मर्यादा आधीच ठरवावी.

गोडा मसाल्याचं उदाहरण घेऊ. समजा, अॅमेझॉनवर 200 ग्रॅमची बाटली 249 रुपयांना लावली. माल, बाटली, कमिशन, पाठवणी, जीएसटी, परत आलेल्या पार्सलांचा फटका हे सगळं जाता 60 रुपये सुटतात. क्लिकला 6 रुपये पडतात आणि शंभर क्लिकमागे 8 बाटल्या जातात. म्हणजे एका विक्रीमागे जाहिरातीचे 75 रुपये. बाटलीमागे 15 रुपये पदरचे. इथे बहुतेकजण बोलीला हात घालतात. क्लिक 4 रुपये 80 पैशांवर आणला की हिशेब बरोबरीला येतो खरा. पण नव्या मालाला ना विक्रीचा इतिहास ना रिव्ह्यू, त्यामुळे एवढ्या बोलीत जाहिरात दिसणंच कमी होतं. त्यापेक्षा शंभरात 8 च्या 12 बाटल्या झाल्या, तर त्याच 6 रुपयांच्या क्लिकवर विक्रीमागचा खर्च 50 रुपयांवर येतो. मागचं लेबल वाचता येईल असा फोटो, खोबरं-तीळ-दगडफूल ही नावं पहिल्याच ओळीत, वाटीभर डाळीच्या आमटीला किती चमचे लागतो ते. ही कामं फुकटात होतात, आणि जाहिरातीच्या आधी व्हायला हवीत.

बोली आणि प्रत्यक्ष दर यांत गल्लत होते म्हणून एक खुलासा. क्लिकमागे पैसे घेण्याची पद्धत 1998 मध्ये बिल ग्रॉस यांच्या गोटू डॉट कॉमने रूढ केली. तिथे जेवढी बोली तेवढे पैसे कापले जात. आताच्या लिलावात साधारणपणे आपल्या खालच्या स्पर्धकाला मागे टाकण्यापुरतेच द्यावे लागतात. 8 रुपयांची बोली म्हणजे 8 रुपयांचा क्लिक नव्हे.

आता खरं काम, सर्च टर्म रिपोर्ट. ऑटो कॅम्पेनमध्ये क्लोज मॅच, लूज मॅच, सब्स्टिट्यूट्स, कॉम्प्लिमेंट्स असे चार गट असतात. चौघांना एकच बोली देणं हा आळस आहे. लूज मॅचमधून बाटली ‘गरम मसाला’ शोधणाऱ्यापुढे जाऊ शकते. तो क्लिक करतो, नाव वाचतो आणि परत फिरतो. कॉम्प्लिमेंट्समधून ती दगडफुलाच्या पाकिटाशेजारी जाऊन बसते. मार्च ते मेमध्ये दगडफूल आणि नागकेशर मागवणारं घर वर्षाचा मसाला स्वतः कुटणार असतं. ते आपली बाटली कशाला घेईल? त्या गटाची बोली उन्हाळ्यात खाली आणावी. ‘काळा मसाला’ मात्र घाईने तोडू नये. काही घरांत गोड्या मसाल्यालाच काळा म्हणतात, काही भागांत तो झणझणीत असतो. तो शब्द वेगळ्या कॅम्पेनमध्ये एक्झॅक्ट लावून पाहावा.

शब्द निगेटिव्हमध्ये कधी टाकायचा? वीस क्लिक झाले, विक्री शून्य, की लोक तो शब्द कापून टाकतात. पण शंभरात 8 विकल्या जाणाऱ्या मालालासुद्धा सलग वीस क्लिक कोरडे जाण्याची शक्यता सुमारे 19 टक्के असते. चाळीस क्लिकांनंतर ती साडेतीन टक्क्यांच्या आसपास उतरते. तेव्हा कापा, आणि आधी एक्झॅक्ट निगेटिव्ह म्हणून. ‘गरम मसाला’ फ्रेज निगेटिव्ह केलात तर ‘गोडा गरम मसाला’ शोधणाराही हातचा जातो.

अॅकॉसमध्ये न दिसणारी एक गोष्ट मसाल्याच्या धंद्यात फार मोठी आहे. स्वतंत्र विक्रेत्याच्या स्पॉन्सर्ड प्रॉडक्ट्स जाहिरातीला क्लिकनंतर सात दिवसांतल्या विक्रीचंच श्रेय मिळतं. बाटली संपल्यावर आलेली दुसरी ऑर्डर त्यात धरलेली नसते. मोबाइल कव्हर विकणाऱ्याने 15 रुपयांचा तोटा सोसू नये. मसालेवाल्याने काही काळ सोसायला हरकत नाही, मात्र जुनं गिऱ्हाईक परत येतंय का, हे तपासत राहून.

हे सगळं एजन्सीकडे सोपवणाऱ्यांना एक सूचना. खर्चाच्या टक्केवारीवर फी घेणाऱ्याला खर्च कमी करण्यात रस असण्याचं कारण नाही. ठरावीक फी ठरवा, कॅम्पेन आपल्याच खात्यात चालवायला सांगा आणि दर आठवड्याला सर्च टर्म रिपोर्टची मूळ फाइल मागा. रंगीत आलेखांचं सादरीकरण हाती ठेवून फाइल ‘नंतर पाठवतो’ म्हणणाऱ्याला पुढच्या महिन्याचा धनादेशही नंतरच द्यावा.