जुन्या संगणकात अडकलेली मराठी

इंग्लंडमध्ये १०८६ साली चर्मपत्रावर लिहिलेले ‘डूम्सडे बुक’ आजही वाचता येते. त्याच्या नवशताब्दीनिमित्त बीबीसीने १९८६ मध्ये लेझर डिस्कवर तयार केलेला संगणकीय संग्रह मात्र अवघ्या सोळा वर्षांत वाचणे दुरापास्त झाले. तबकडी शाबूत होती, तिला वाचणारी यंत्रेच दुर्मीळ झाली होती. अखेर २००२ साली लीड्स व मिशिगन विद्यापीठांतील संशोधकांनी त्या संगणकाचे हुबेहूब सोंग घेणारे सॉफ्टवेअर, अर्थात एम्युलेटर, सिद्ध केले.

परदेशची गंमत म्हणून ही कथा सोडून देता येणार नाही. युनिकोड रुळण्यापूर्वीची आपली मराठी अशीच कुलूपबंद आहे. १९९० च्या दशकात असंख्य ग्रंथ, दिवाळी अंक आणि स्मरणिका पेजमेकरमध्ये जुळवल्या गेल्या. इस्की ही भारतीय लिप्यांची प्रमाण संकेतप्रणाली १९९१ मध्ये आली खरी. पण टंकांची मांडणी ज्याची त्याने ठरवली. परिणामी मूळ टंक नसेल तर ज्ञानोबांची ओवीही अगम्य चिन्हांची रांगोळी होऊन पडद्यावर उमटते!

यावर उपाय आहे, आणि तो विनामूल्य आहे. फाब्रिस बेलार यांनी २००३ मध्ये प्रसृत केलेले ‘क्यूएमू’ आजच्या संगणकात एक काल्पनिक संगणक उभा करते. त्याचा प्रोसेसर, डिस्क, पडदा सारेच आभासी असते. त्यात बसवलेल्या विंडोज ९८ ला आपण पाहुणे आहोत याचा पत्ताही नसतो. प्रत्येक आज्ञेचे भाषांतर करावे लागत असल्याने वेग मंदावतो. परंतु आजच्या यंत्रांच्या सामर्थ्यापुढे त्याचे फारसे काही वाटत नाही.

खरी अडचण निराळीच आहे. त्या काळची अनेक मराठी सॉफ्टवेअर संगणकाच्या पॅरलल पोर्टला ‘डाँगल’ नावाचे कुलूप लावल्याशिवाय चालतच नसत. प्रोसेसरचे सोंग वठते, या कुलपाचे सहजी वठत नाही. आणि नव्या संगणकांना तो पोर्टही नसतो. ज्यांनी ही सॉफ्टवेअर विकली आणि पुढे विक्रीतून काढून घेतली, त्यांनी त्यांच्या कुलूपविरहित आवृत्त्या ग्रंथालयांना उपलब्ध करून द्याव्यात, अशी मागणी राज्य मराठी विकास संस्थेने आणि प्रकाशकांनी एकमुखाने करावयास हवी. विंडोजचा परवाना आभासी संगणकालाही लागतो, तेव्हा जुन्या सीडी आणि त्यांवरील क्रमांक रद्दीत जाता कामा नयेत. मजकूर एकदा उघडला की तो त्वरेने युनिकोडमध्ये उतरवून घ्यावा. ते काम जुने टंक ओळखणारे अक्षरजुळणीकार आपल्यात आहेत तोवरच नीट होईल.