चर्नी रोडच्या बागेवर आपला दावा



सहा डिसेंबरला लाखो लोक दादरला उतरतात, चैत्यभूमीला अभिवादन करतात, शिवाजी पार्कवर पुस्तकं घेतात आणि परत फिरतात. त्याच पश्चिम रेल्वेवर दादरच्या पुढचं सहावं स्टेशन म्हणजे चर्नी रोड. तिथे उतरलं की जवळच एक जुनी सार्वजनिक बाग आहे, गिरगाव चौपाटीपासून चालत काही मिनिटांवर. आपली पावलं तिकडे क्वचितच वळतात. ती वळली पाहिजेत, असं माझं म्हणणं आहे. पण तिथे हात जोडायला जायचं नाही. आपला दावा सांगायला जायचं.

याच बागेत शाळा सुटल्यावर विद्यार्थी भीमराव वाचत बसायचा. घर म्हणजे परळच्या चाळीतली एक खोली. तिथेच स्वयंपाक, तिथेच झोपणं, तिथेच अभ्यास. रामजीबाबा मुलाला रात्री लवकर झोपवायचे आणि दोन वाजता अभ्यासाला उठवायचे, कारण तेवढ्या वेळीच त्या खोलीत शांतता मिळायची. दिवसा निवांत वाचायला मिळाली ती बाग. तिथेच कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी या मुलाला रोज पुस्तकात डोकं घालून बसलेला पाहिला, चौकशी केली आणि पुस्तकं द्यायला सुरुवात केली. पुढे सत्काराच्या सभेत त्यांनी स्वतः लिहिलेलं गौतम बुद्धाचं चरित्र भीमरावाच्या हातात ठेवलं. सयाजीराव महाराजांकडून महिना २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळवून देण्यातही गुरुजींचाच पुढाकार होता. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथासाठी १९५६ साली लिहिलेल्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनी बुद्धाकडे आपण कसे वळलो हे सांगताना केळुसकरांच्या त्या पुस्तकाची आठवण काढली आहे. म्हणजे नागपूरच्या दीक्षाभूमीला जाणाऱ्या वाटेचं एक टोक या बागेतल्या बाकड्यापाशी आहे.

ही गोष्ट शाळेच्या भाषणांत कशी सांगितली जाते ते आठवा. एका दयाळू गुरुजींनी हिरा शोधून काढला! केळुसकर गुरुजींचं ऋण आपण मानतोच, त्यात शंका नको. पण गुरुजी यायच्या आधीच तो मुलगा तिथे वाचत होता ना? मग तो तिथे बसू कसा शकला, हा प्रश्न कोणी का विचारत नाही? बसू शकला, कारण ती जागा कोणाच्या मालकीची नव्हती. 'तू कोणाचा?' असं विचारून उठवणारा मालक तिथे नव्हता. गुरुजींची दया नंतर आली. आधी होतं ते सार्वजनिक बाकडं.

याचा दुसरा पुरावा बडोद्याचा. १९१७ साली परदेशात शिकून आलेल्या, संस्थानच्या नोकरीत असलेल्या बाबासाहेबांना पारशी खानावळीतून लाठ्या घेऊन आलेल्या जमावाने बाहेर काढलं. हिंदू मित्राकडे सोय होईना, ख्रिस्ती मित्राकडेही होईना. मुंबईची गाडी सुटेपर्यंतचे तास त्यांनी काढले ते कामाठी बागेत. ती बाग, म्हणजे आजचा सयाजीबाग, आपल्याला संकल्पभूमी म्हणून ठाऊक आहे. तिथल्या संकल्पाबद्दल आपण भरभरून बोलतो. पण खाजगी छपराखालून हाकललेल्या माणसाला सार्वजनिक झाडाखाली बसता आलं, हा त्या दिवसाचा दुसरा धडा आपण विसरतो.

समाजशास्त्राच्या वर्गात जात म्हणजे उतरंड, असं शिकवतात. वस्तीत काम करताना कळतं की जात म्हणजे जागासुद्धा. कोण गावकुसाच्या आत, कोण बाहेर. पाणवठा कोणाचा, ओटा कोणाचा, रस्त्याची कुठली कड कोणाची. म्हणून आपली चळवळ पहिल्यापासून जागेसाठी लढली. ज्या सीताराम केशव बोले यांनी भीमरावाच्या सत्काराचं अध्यक्षस्थान भूषवलं, त्यांनीच ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदे कौन्सिलात ठराव मंजूर करून घेतला. सरकारी पैशातून चालणारे पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले करा, असा तो ठराव. तो कागदावर राहिला म्हणून १९२७ साली महाडला चवदार तळ्यावर जावं लागलं. पुढे हाच हक्क संविधानाच्या कलम १५(२) मध्ये आला: विहिरी, तलाव, रस्ते आणि सार्वजनिक वावराच्या जागा.

आता आजचं बघा. चर्नी रोडच्या बागेला नाव आहे स. का. पाटलांचं. १९५२ साली पहिल्या लोकसभा निवडणुकीत मुंबईत बाबासाहेबांना काँग्रेसच्या नारायण काजरोळकरांकडून पराभव पत्करावा लागला, तेव्हा मुंबई काँग्रेसची सूत्रं याच पाटलांच्या हातात होती. संयुक्त महाराष्ट्राला त्यांनी केलेला विरोधही प्रसिद्ध आहे. ज्या बागेत बाबासाहेब वाचले, तिच्या फाटकावर हे नाव! यावर संताप यावा हे साहजिक आहे. पण पाटी बदलली आणि बाकी सगळं तसंच राहिलं, तर आपण काय मिळवलं?

खरा घाला पाटीमागे चाललाय. एका बागेत आमच्या वस्तीतली स्पर्धा परीक्षेची मुलं दुपारी अभ्यासाला जायची. त्यांना सांगण्यात आलं, ही बाग फिरणाऱ्यांसाठी आहे, टोळक्याने बसू नका. सकाळी चालायला येणाऱ्यांना सोयीची वेळ ठेवायची आणि भर दुपारी फाटक बंद करायचं. बाकावर मध्ये लोखंडी दांडा बसवायचा, म्हणजे थकलेल्या माणसाला पाठ टेकता येणार नाही. 'सौंदर्यीकरण' म्हणायचं आणि बाग दत्तक देऊन टाकायची. जातीचं नाव कुठेच घ्यावं लागत नाही, तरी बाहेर राहणारी माणसं बहुतेक तीच. दर डिसेंबरला शिवाजी पार्कच्या गर्दीबद्दल, कचऱ्याबद्दल जी कुरकुर चालते, तिच्या मुळाशी हीच समजूत आहे की सार्वजनिक मैदान आजूबाजूच्या इमारतींच्या मालकीचं असतं.

आपल्यातले काही म्हणतील, बागा कसल्या घेऊन बसलात? अत्याचार, आरक्षण, शिष्यवृत्ती हे प्रश्न पेटलेले असताना! पण दहा बाय दहाच्या खोलीत पाच माणसं राहतात, तिथली मुलगी वाचणार कुठे? तिच्यासाठी बाकडं, दिवा आणि स्वच्छ संडास हे शिक्षणाचेच प्रश्न आहेत. इंदू मिलच्या जागेवर भव्य स्मारक होतंय, व्हावंच. पण बाबासाहेबांना घडवायला लागलेलं सामान अगदी साधं होतं: एक पुस्तक, एक बाकडं आणि न उठवण्याची हमी. ती हमी आज किती मुलांना आहे?

म्हणून मागणी स्पष्ट ठेवू या. चर्नी रोडच्या बागेत भीमराव आणि केळुसकर गुरुजींच्या नावाने मोफत खुलं वाचनालय हवं. आणि शहरातली प्रत्येक सार्वजनिक बाग दिवसभर उघडी हवी.

आपल्या भागातल्या बागेची वेळ कोणी ठरवली, ती कोणाला सांभाळायला दिली, कोणत्या अटींवर दिली, हे माहिती अधिकारात वॉर्ड ऑफिसकडून मागवा. अर्ज दहा रुपयांत होतो. आणि येत्या रविवारी पाच-सहा जणांनी एकेक पुस्तक घेऊन त्या बागेत जा. घोषणा नकोत, बॅनर नको. बसा आणि वाचा. कोणी उठवायला आलं, तर कोणत्या नियमाने उठवता ते लेखी मागा.

जय भीम! नमो बुद्धाय!