विश्लेषण : जिथे ‘एचआर’ नाही, तिथे छळाची तक्रार कुणाकडे?

कंपनीच्या स्वागतकक्षात किंवा सरकारी कार्यालयाच्या सूचनाफलकावर लैंगिक छळ प्रतिबंधक समितीच्या सदस्यांची नावे आणि फोन क्रमांक लावलेले दिसतात. चार घरची धुणीभांडी करणाऱ्या महिलेसाठी, दोन नोकरांच्या दुकानात काम करणाऱ्या तरुणीसाठी किंवा उसाच्या फडात राबणाऱ्या मजूर महिलेसाठी असा फलक कुठेच नसतो. कायदा मात्र या सगळ्यांसाठी आहे. मग तो त्यांच्यापर्यंत पोहोचत का नाही?

कायद्याची सुरुवात कुठून झाली?

या कायद्याचे मूळ वातानुकूलित कार्यालयात नाही, तर राजस्थानातील भटेरी या खेड्यात आहे. राज्य सरकारच्या महिला विकास कार्यक्रमात ‘साथिन’ म्हणून काम करणाऱ्या भंवरी देवी यांनी बालविवाह रोखण्याचा प्रयत्न केला. त्याचा सूड म्हणून १९९२ मध्ये त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला. १९९५ मध्ये कनिष्ठ न्यायालयाने आरोपींना बलात्काराच्या आरोपातून मुक्त केले. काम करताना ओढवलेल्या या अत्याचाराची जबाबदारी ना मालकाने घेतली, ना सरकारने. त्यातूनच महिला संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि १३ ऑगस्ट १९९७ रोजी ‘विशाखा’ मार्गदर्शक तत्त्वे आली.

ही तत्त्वे कागदावरच राहत असल्याची तक्रार घेऊन पुण्यातील कार्यकर्त्या मेधा कोतवाल-लेले यांनी पुन्हा सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठावले. त्या प्रकरणातील निकाल ऑक्टोबर २०१२ मध्ये लागला. पुढच्याच वर्षी संसदेने कायदा केला आणि ९ डिसेंबर २०१३ पासून तो लागू झाला. सरकारने २०१० मध्ये मांडलेल्या मूळ विधेयकात घरकामगार महिलांना वगळण्यात आले होते. आक्षेपांनंतर त्यांचा समावेश झाला.

दहापेक्षा कमी कर्मचारी असतील तर?

दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक आस्थापनेत अंतर्गत समिती बंधनकारक आहे. त्यापेक्षा कमी कर्मचारी असतील किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर जिल्ह्याच्या ‘स्थानिक समिती’कडे जाता येते. ही समिती नेमण्याची जबाबदारी जिल्हा अधिकाऱ्याची आहे. प्रत्येक तालुक्यात आणि शहरी भागात प्रत्येक प्रभागात किंवा नगरपालिकेत एक नोडल अधिकारी असावा, त्याने तक्रार स्वीकारून सात दिवसांत समितीकडे पाठवावी, असे कायदा सांगतो. तक्रार लेखी हवी. मात्र जिला लिहिता येत नाही तिला मदत करणे हे समितीचे काम आहे. चौकशी ९० दिवसांत संपवायची असते.

व्यवस्था कागदावर चोख आहे. पण आपल्या तालुक्याचा नोडल अधिकारी कोण, हे किती जणींना माहीत असते? ज्या दाराचा पत्ताच ठाऊक नाही, ते उघडे असून उपयोग काय?

सर्वोच्च न्यायालयाने काय सांगितले?

गोवा विद्यापीठातील एका प्रकरणावरून पोहोचलेल्या ‘ऑरेलियानो फर्नांडिस विरुद्ध गोवा राज्य’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मे २०२३ मध्ये कायद्याच्या अंमलबजावणीबद्दल तीव्र नाराजी व्यक्त केली. डिसेंबर २०२४ मध्ये याच प्रकरणात आणखी स्पष्ट आदेश आले. सर्व जिल्ह्यांत जिल्हा अधिकारी ३१ डिसेंबर २०२४ पर्यंत आणि स्थानिक समित्या ३१ जानेवारी २०२५ पर्यंत नेमाव्यात, असे न्यायालयाने बजावले. कायदा लागू होऊन ११ वर्षे झाल्यावर समित्या नेमण्यासाठी मुदत घालून द्यावी लागते, यातच सारे आले.

याचे एक कारण कायद्यातच आहे. अंतर्गत समिती न नेमणाऱ्या मालकाला ५० हजार रुपयांपर्यंत दंड होतो. गुन्हा पुन्हा घडल्यास दंड दुप्पट होतो आणि परवानाही जाऊ शकतो. पण स्थानिक समिती न नेमणाऱ्या जिल्हा अधिकाऱ्यासाठी या कायद्यात कोणताही दंड नाही. खासगी मालकाला धाक आणि सरकारी यंत्रणेला मोकळीक, असा हा दुजाभाव आहे.

तीन महिन्यांची मुदत कुणाच्या सोयीची?

घटनेपासून तीन महिन्यांत तक्रार करावी लागते. सबळ कारण असेल तर समिती ती कारणे नोंदवून आणखी तीन महिने देऊ शकते. कार्यालयीन कर्मचारी महिलेलाही ही मुदत अपुरी पडते. स्थलांतरित मजूर महिलेसाठी तर ती जवळजवळ निरर्थक ठरते.

बीडमधून पश्चिम महाराष्ट्रात ऊसतोडीला गेलेल्या महिलेचे उदाहरण घ्या. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायची असते, मुक्काम फडाजवळच्या कोपीत आणि काम टोळीबरोबर. डिसेंबरमध्ये मुकादमाने छळ केला तर तक्रार करून ती राहणार कुठे? हंगाम संपवून मार्च-एप्रिलमध्ये गावी परतेपर्यंत तीन महिने उलटून गेलेले असतात. शिवाय स्थानिक समितीचे कार्यक्षेत्र तिच्या जिल्ह्यापुरते असते. म्हणजे घटना एका जिल्ह्यात आणि पीडिता दुसऱ्या जिल्ह्यात.

खरे तर कंत्राटदारामार्फत कामावर आलेली महिलाही कायद्याच्या व्याख्येत ‘कर्मचारी’ आहे. मुख्य मालकाला तिची माहिती असो वा नसो. त्यामुळे ‘मजूर मुकादमाचे, आमचा संबंध नाही’ असे म्हणून साखर कारखान्यांना हात झटकता येऊ नयेत.

घरकामगारांची अडचण काय?

घर हेही कामाचे ठिकाण आहे, हे कायदा मान्य करतो. मात्र घरकामगार महिलेच्या तक्रारीत प्रथमदर्शनी तथ्य आढळल्यास स्थानिक समितीने ती सात दिवसांत पोलिसांकडे पाठवावी, अशी तरतूद आहे. वरवर हे संरक्षण वाटते. पण हातावर पोट असलेल्या बाईला अनेकदा थकलेला पगार, दुसरे सुरक्षित काम आणि नुकसानभरपाई हवी असते. पोलीस ठाण्याची पायरी चढल्यावर उलट चोरीचा आळ येईल, ही भीती असतेच. कार्यालयातील महिलेला चौकशीच्या काळात बदली किंवा रजा मागता येते. चार घरांत राबणाऱ्या महिलेला असा कुठला दिलासा मिळणार?

काय करता येईल?

यासाठी कायदा बदलेपर्यंत थांबण्याची गरज नाही. नोडल अधिकाऱ्याचे नाव आणि क्रमांक रेशन दुकान, आरोग्य उपकेंद्र, अंगणवाडी, एसटी स्थानक आणि गृहनिर्माण संस्थेच्या फाटकावर मराठीत लावता येईल. गाळप हंगामात कारखान्याच्या आवारातच तक्रार स्वीकारण्याची सोय करता येईल. स्थलांतर हे मुदतवाढीसाठी सबळ कारण मानण्याचा अधिकार समित्यांना आजही आहे. संसदेने मात्र मुदतीचा आणि जिल्हा अधिकाऱ्याच्या उत्तरदायित्वाचा फेरविचार करायलाच हवा.

कार्यालयांतील कार्यशाळा आवश्यकच आहेत. पण हा कायदा ज्या खेड्यातील कष्टकरी महिलेमुळे जन्माला आला, तिच्यासारख्यांनाच त्याचा पत्ता सापडत नसेल, तर तो अर्धाच राबवला गेला असे म्हणावे लागेल.