नातवंडांचा रंगमंच आणि आजोबांची खुर्ची

दिवाळीची सुट्टी संपून शाळा पुन्हा भरल्या, की मावळात स्नेहसंमेलनाच्या तालमींना सुरुवात होते. संध्याकाळी भाजे, कार्ले, मळवली या बाजूने जावे, तर एखाद्या शाळेच्या पटांगणातून लेझमीचा ठेका ऐकू येतो. कुठे कोळीनृत्याची तयारी चाललेली असते, कुठे भारुडाची, तर कुठे शिवकालीन नाटिकेतील इवले मावळे पुठ्ठ्याच्या ढाली घेऊन धावत असतात.

भाज्याला हे नवे नाही. गावामागच्या डोंगरात इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात कोरू लागलेली २२ लेणी आहेत. त्यांपैकी दक्षिणेकडच्या विहारातील शिल्पपटात वादन आणि नर्तन करणाऱ्या आकृती आहेत. त्यातील वाद्यात काही अभ्यासकांना तबल्याचे पूर्वरूप दिसते. वाजवणारा, नाचणारा आणि समोर बसून पाहणारा, ही मांडणी आपल्या भूमीत निदान दोन हजार वर्षांची आहे. आज मला बोलायचे आहे ते यातील तिसऱ्याविषयी, म्हणजे पाहणाऱ्याविषयी. आणि त्यासाठी प्रथम माझीच एक चूक सांगावी लागेल.

काही वर्षांपूर्वी पंचाहत्तरी ओलांडलेले एक आजोबा तपासणीसाठी आले होते. मधुमेह आणि रक्तदाब, दोन्ही औषधांनी आटोक्यात होते. जाता जाता त्यांनी विचारले, “डॉक्टर, शनिवारी रात्री नातीचं नाटक आहे शाळेत. जाऊ का?” मी चिठ्ठीवरून मान वर न करता म्हटले, “थंडी फार आहे. कशाला उगाच? घरीच थांबा.” त्यांनी माझे ऐकले.

पुढे त्यांच्या सूनबाईंकडून कळले, की त्या रात्री ते घोंगडी पांघरून ओसरीवर बसून होते. ध्वनिक्षेपकाचा आवाज घरापर्यंत येत होता. ढोलकी ऐकू येत होती, पण शब्द उमगत नव्हते. आपल्या नातीचे वाक्य कोणते, हे त्यांना अखेरपर्यंत कळले नाही. नात चौथीत होती. पुढच्या वर्षी ती मोठ्या शाळेत गेली आणि तेथे तिने नाटकात भाग घेतला नाही. नंतरच्या एका भेटीत आजोबांनी शांतपणे विचारले, “गेलो असतो तर काय झालं असतं हो?” माझ्यापाशी उत्तर नव्हते. खरे तर, योग्य तयारी करून गेले असते तर बहुधा काहीच झाले नसते.

तेव्हापासून असा प्रश्न आला, की मी ‘जाऊ नका’ असे म्हणण्याआधी ‘कसे जाता येईल’ याचा विचार करतो. तोच विचार आपल्यापुढे ठेवतो.

प्रथम कानांविषयी. वाढत्या वयात उंच पट्टीचे स्वर आधी ऐकू येईनासे होतात. मुलांचा आवाज मुळात उंच पट्टीचा. त्यात स, श, फ यांसारखी व्यंजने निसटतात आणि ‘ऐकू येतं, पण कळत नाही’ अशी अवस्था होते. यावर उपाय सोपा आहे. नाटिकेची गोष्ट आणि नातवंडाची वाक्ये आदल्या दिवशी घरीच ऐकून घ्यावीत. जागा पुढची, परंतु ध्वनिक्षेपकापासून दूर निवडावी. श्रवणयंत्र असल्यास त्याची बॅटरी तपासून ते अवश्य लावावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तास सुरक्षित असतो, पण १०० डेसिबलला ही मर्यादा जेमतेम २० मिनिटांवर येते. मोठ्या कर्ण्यासमोर बसलेल्या चिमुकल्यांच्या कानांनाही हेच लागू आहे, हे आयोजकांच्या कानी घालावे.

दुसरी गोष्ट जेवणाची. सातचा कार्यक्रम पाहुण्यांच्या भाषणांनंतर साडेआठला सुरू होतो, हा आपला सर्वांचा अनुभव आहे. इन्सुलिन किंवा मधुमेहाची गोळी घेऊन जेवण लांबले, तर साखर एकदम उतरू शकते. त्यामुळे शक्यतो जेवूनच निघावे. खिशात साखर किंवा ग्लुकोजची पुडी ठेवावी. घाम, थरथर, गोंधळल्यासारखे वाटणे ही लक्षणे दिसताच ती घ्यावी. पाठोपाठ थोडे खाणेही घ्यावे.

तिसरी गोष्ट कोणी उघड बोलत नाही, पण अनेक ज्येष्ठ घरी राहतात ते तिच्यामुळेच. ती म्हणजे लघवीची. शौचालय कोठे आहे हे आधी पाहून ठेवावे आणि त्या बाजूची कडेची खुर्ची धरावी. लघवी वाढवणारी गोळी सुरू असेल, तर ती स्वतःहून बंद न करता तिच्या वेळेविषयी आपल्या डॉक्टरांना विचारावे.

सतरंजीऐवजी पाठ आणि हात असलेली खुर्ची घ्यावी, कानटोपी आणि शाल सोबत असावी, बसल्या बसल्या पावले हलवत राहावीत. कार्यक्रम संपताच झटकन उठू नये. रक्तदाब उतरून भोवळ येते. गर्दी ओसरू द्यावी आणि विजेरीच्या उजेडात, कोणाचा तरी हात धरून निघावे.

ताप, छातीत दुखणे, बसल्या जागी धाप लागणे असे काही असेल, तर मात्र घरीच थांबावे आणि डॉक्टरांना दाखवावे. अंथरुणाला खिळलेल्या आजीसाठी मुलाने दुसऱ्या दिवशी तोच पोशाख घालून खाटेपाशी आपला प्रवेश करून दाखवावा. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांत नावे पुसली गेली, तरी जुन्या चाली पुष्कळदा शाबूत राहतात; ओळखीचे गाणे लागताच त्यांचे ओठ हलू लागतात. गोंगाटाने ते अस्वस्थ झाले, तर त्यांना विनासंकोच बाहेर आणावे.

हा सारा खटाटोप कशासाठी? इंग्लंडमध्ये पन्नाशीपुढील ६,७१० व्यक्तींचा सुमारे १४ वर्षे मागोवा घेणारा एक अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. दर काही महिन्यांनी नाटक, संगीत, प्रदर्शन यांना जाणाऱ्यांत मृत्यूचा धोका ३१ टक्क्यांनी कमी आढळला. केवळ नाटक पाहिल्याने आयुष्य वाढते, असे यावरून सिद्ध होत नाही. जे जाऊ शकतात ते मुळातच धडधाकट असण्याचा संभव आहे. तथापि घराबाहेर पडणे, माणसांत बसणे आणि कोणाची तरी उत्सुकतेने वाट पाहणे, ही म्हातारपणी जपण्यासारखी गोष्ट आहे, याबद्दल मला शंका नाही.

शुश्रूषा करणाऱ्यांना एकच विनंती. निमंत्रणपत्रिका घरी येईल, तेव्हा ‘तुम्हाला झेपणार नाही’ असे परस्पर ठरवू नका; आधी त्यांना विचारा. पडदा वर जाताच मूल पहिल्या रांगेत आपली माणसे शोधते. त्या रांगेत आपल्या आजोबांची खुर्ची असावी, एवढे पाहा.