जामीन आपण, नफा त्यांचा!

परदेशी भांडवल आले की विकास आला, असे मानणारे आपल्या बाजारपेठेत पुष्कळ आहेत. परदेशी पैसा म्हणजे गुलामीच, असे म्हणणारेही कमी नाहीत. आम्ही कापडाचे व्यापारी. घोषणांपेक्षा कराराचा कागद आम्हाला महत्त्वाचा वाटतो. पैसा कुणाचा, हा प्रश्न नंतरचा. तोटा कुणी सोसायचा, हा पहिला.

दाभोळचेच उदाहरण घ्या. एन्रॉन या अमेरिकन कंपनीच्या गुहागरमधील प्रकल्पाची वीज घेण्याचा करार राज्य वीज मंडळाने डिसेंबर १९९३ मध्ये केला. जागतिक बँकेने त्याच वर्षी या प्रकल्पाला कर्ज देण्यास नकार दिला होता. १९९५ मध्ये युती सरकारने करार रद्द केला आणि १९९६ मध्ये फेरफार करून पुन्हा मान्य केला. वीज मे १९९९ मध्ये सुरू झाली.

कराराची गोम अशी की वीज घेतली नाही तरी मंडळाने स्थिर आकार भरायचा. दराचा मोठा भाग डॉलरशी बांधलेला, इंधन महागडा नाफ्था. वर राज्य सरकारची हमी आणि पहिल्या टप्प्याला केंद्राची प्रतिहमी! १९९३ अखेर सुमारे ३१ रुपयांचा डॉलर २००१ मध्ये ४७ च्या आसपास गेला. वीज जितकी कमी घ्यावी, तितका युनिटचा भाव चढे. २००० साली काही काळ तो सात रुपयांच्याही वर गेला. मे २००१ मध्ये प्रकल्प बंद पडला, डिसेंबरात एन्रॉनने दिवाळे काढले. अखेर २००५ साली एनटीपीसी आणि गेल या सरकारी कंपन्यांना पुढे करून प्रकल्प सावरावा लागला.

मंडळाचा तोटा म्हणजे कुणाचा? तो बिलातून निघतो, नाही तर सरकारी तिजोरीतून. धुळ्याचा यंत्रमागवाला व्यापाऱ्याचे सूत घेऊन मजुरीवर कापड विणतो. विजेचे बिल वाढले म्हणून मजुरी वाढत नाही. आपला भाव डॉलरशी बांधून घेण्याची सोय त्याला कुणी दिलेली नाही. परवडेना की तो माग बंद ठेवतो, कामगाराचा हप्ता बुडतो आणि जळगावच्या फुले मार्केटपर्यंत गिऱ्हाईक कमी होते.

ही रीत नवी नाही. १८४९ च्या करारात ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या विलायती भांडवलाला पाच टक्क्यांची हमी मिळाली होती. कमी पडेल ते हिंदुस्थानच्या महसुलातून भरायचे. आपली भुसावळ-जळगावची लाईन याच कंपनीची. खानदेशचा कापूस त्या रुळांवरून बंदराकडे गेला, विलायती कापड आत आले आणि विणकराचा हातमाग बसला. आज त्याच लाईनवर आपला माल चालतो. म्हणजे रूळ वाईट नव्हते, अट वाईट होती.

स्वस्त कर्जाचाही हिशेब नीट पाहावा. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनसाठी जपानने ०.१ टक्का व्याजाने, ५० वर्षांच्या मुदतीचे कर्ज देऊ केले. व्याज नाममात्र खरे, पण फेड येनमध्ये. येन चढला तर फरक आपल्या माथी. तिकडे श्रीलंकेने चिनी कर्जातून हंबनटोटा बंदर बांधले आणि २०१७ साली ते ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने चिनी कंपनीकडे सोपवले.

आम्ही परदेशी भांडवलाच्या विरोधात नाही. खानदेशला वीज हवी, रस्ते हवेत. पण भागीदारीचा साधा नियम आहे : नफ्यात हिस्सा हवा, तर तोट्यातही हवा. ज्याला नफ्याची हमी आहे तो भागीदार नव्हे, सावकार. म्हणून प्रत्येक प्रकल्पाला तीन प्रश्न विचारावेत. फेड कोणत्या चलनात? जामीन कोण? माल न उचलल्यास पैसे भरायचे का?

वीजदर ठरवताना राज्य वीज नियामक आयोग जनतेच्या हरकती मागवतो. आपल्या यंत्रमाग आणि व्यापारी संघटनांनी तिथे लेखी हरकत नोंदवावी. बिल आल्यावर ओरडण्यापेक्षा करार होताना बोललेले बरे.