डायनामो दिव्यासाठी लावा, फुकटच्या विजेसाठी नको



या महिन्यात एकच व्हिडिओ मला तिघांनी पाठवला. सायकल स्टँडवर उभी, मागच्या चाकाला पट्टा, पट्ट्याला चारचाकीचा अल्टरनेटर आणि एक पोरगं पायडल मारतंय. पुढं पाच एचपीची मोटर चालू, पाइपातून धो धो पाणी. वर लिहिलंय, लाइटबिल कायमचं बंद. तिघांनी एकच विचारलं, "दादा, हे आपल्याला जमंल का?"

नाही जमणार. कुणालाच नाही. एक एचपी म्हणजे 746 वॅट, म्हणजे पाच एचपीला 3730 वॅट लागतात. चांगला धडधाकट माणूस तासभर सलग पायडल मारून 75 वॅटच्या आसपास देतो, कसलेला सायकलवाला असेल तर थोडा जास्त. आता 3730 ला 75 नं भागा. पन्नास माणसं लागतात, तीही मधे काहीच वाया गेलं नाही असं धरून. पन्नास माणसं मिळाली तर मी आधी भांगलण उरकून घेईन.

लाइटबिलाचंही तसंच. एक युनिट म्हणजे हजार वॅट तासभर. 75 वॅटनं एक युनिट करायला तेरा-चौदा तास पायडल मारावं लागतं, पट्ट्यातली आणि बॅटरीतली गळती धरली तर वीस तासांवर जातं. युनिटला दहा रुपये धरा. वीस तासांच्या घामाचे दहा रुपये. आपल्या गावात हजेरी काय चाललीय ते तुम्हाला मी सांगायला नको. त्या व्हिडिओत मोटरची केबल कुठं जाते ते दाखवलेलंच नाही, तेवढं एकदा नीट बघा.

हे एवढं लिहायचं कारण वेगळं आहे. असल्या खोट्या गोष्टींमुळं खरा डायनामो चेष्टेवारी जातो. "सायकलच्या डायनामोवर काय व्हतंय" असं म्हणून आपण तो माळ्यावर टाकला. माझं मत उलटं आहे. डायनामो आपण सोडला तो नेमका त्याचे चांगले दिवस आले तेव्हा.

जुन्या लोकांना आठवत असेल. पुढच्या नाहीतर मागच्या चाकाला बाटलीसारखा डायनामो, खटका दाबला की त्याचा रोलर टायरला टेकायचा, घुर्रर्र आवाज आणि सायकल एकदम जड. त्यावर लागायचा सहा व्होल्टचा दिवा, पुढचा साधारण अडीच वॅटचा आणि मागचा अर्ध्या वॅटचा. उजेड पिवळा, चढ आला की मेणबत्तीएवढा, उताराला लागला की बरा, आणि जास्त पळवली की बल्ब उडालाच. थांबलं की मिट्ट काळोख. त्या आठवणीवरनं आपण आजही डायनामोला नावं ठेवतो.

पण दोष डायनामोत नव्हता, बल्बात होता. तारेचा बल्ब वीज खातो आणि बहुतेक सगळी गरम होण्यात घालवतो. एका वॅटला त्याचा उजेड दहा लुमेनच्या आसपास. आजचा साधा एलईडी त्याच वॅटला शंभराच्या आसपास देतो. डायनामो तोच, पाय तेच, आणि उजेड आठ-दहा पट. शिवाय एलईडीला हळू चालवलं तरी चालतं, चालत्या सायकलीच्या वेगालाही तो रस्ता दाखवण्याइतका पेटतो. जर्मनीत सायकलीला सहा व्होल्ट, तीन वॅटचा डायनामो दिवा कायद्यानं सक्तीचा होता, अगदी 2013 पर्यंत. त्यानंतर बॅटरीचा दिवा चालेल अशी मुभा दिली. तिथले लोक आजही डायनामो लावतात. श्रीमंत देश आहे, सेलला पैसे नाहीत म्हणून लावत नसतील.

कुणी म्हणेल, आता सायकल राहिलीय कुणाची? घरटी मोटारसायकल आहे. खरं आहे. पण सकाळी पाचला चौकात उभं राहून बघा. दूध घालायला जाणारे म्हातारे, कामाला येणारा गडी, आठवी-नववीच्या पोरी, ऊसतोडीच्या टोळीतली पोरं, हे सगळे सायकलवरच आहेत. आणि हीच माणसं रस्त्यावर सगळ्यात कमी दिसतात. गळीत हंगामात काय होतं ते आपल्या ऊसपट्ट्याला माहीत आहे. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर, मोठ्यानं लावलेलं गाणं, ट्रॉलीला मागं ना दिवा ना रिफ्लेक्टर, आणि समोरनं बिनदिव्याची सायकल. मागच्या हंगामात आमच्या शिवारातल्या एका गड्याचा पाय असाच मांडीत मोडला. ट्रॅक्टरवाला म्हणाला, दिसलाच नाही. मला वाटतं तो खोटं बोलत नव्हता. काळ्या रस्त्यावर काळी सायकल, दिसणार काय? चार महिने तो माणूस घरात पडून होता, आणि त्याच्या सायकलीला साधा तांबडा दिवासुद्धा नव्हता.

दुसरी गोष्ट रात्रीच्या पाण्याची. दिवसा वीज द्या म्हणून आपण किती वर्षं ओरडतोय. सौर फीडर आले तिथं दिवसा लाइट मिळायला लागली, चांगलंच झालं. पण जिथं अजून आठवड्याची पाळी आहे तिथं थ्री फेज येते रात्री, आणि माणूस निघतो पाणंदीनं. कडेला वाढलेलं गवत, खाली चिखल. घोणस वाटेत वेटोळं घालून पडलेली असते, मण्यार तर रात्रीच हिंडते. तिथं पंधरा-वीस फूट पुढची जमीन दिसली पाहिजे, एवढंच मागणं आहे. चांदण्यात दिसतं म्हणणाऱ्यानं मण्यार ओळखून दाखवावी.

"मोबाईलचा टॉर्च हाय की." हे उत्तर मला हमखास मिळतं. हाय ना. पण एका हातात हँडल, एका हातात फोन, खांद्यावर खोरं. खड्डा आला की फोन चिखलात. आणि टॉर्चनं बॅटरी उतरवली तर पहाटे मोटरच्या मोबाईल ऑटोला फोन लावायचा कशानं? वेळ आलीच तर 108 ला फोन करायचा कशानं? माझ्या मते फोनचा टॉर्च ही शेवटची सोय आहे. रोज तीच वापरणं म्हणजे बी म्हणून ठेवलेली ज्वारी दळायला काढणं.

आता फोन चार्जिंगचं बोलू, कारण खरा गोंधळ तिथंच आहे.

2010 साली नोकिया कंपनीनं केनियात सायकलवर चालणारा चार्जर जाहीर केला होता. बाटली डायनामो, एक छोटी पेटी आणि हँडलला फोन धरायची सोय. ताशी 6 किलोमीटर वेगाला चार्जिंग सुरू, आणि 10 च्या वेगानं दहा मिनिटं गेलं की अठ्ठावीस मिनिटं बोलता येईल, असं कंपनीचं म्हणणं होतं. ज्या गावात लाइटच नाही तिथं हे सोन्यासारखं होतं. पण ते फोन बटणांचे होते. हजार एमएएचची बॅटरी, म्हणजे पावणेचार वॅट-तास. डायनामोचे तीन वॅट, त्यातनं गळती जाऊन हातात दोन येतात. दोन तासांत बटणाचा फोन भरतो.

आजचा स्मार्टफोन पाच हजार एमएएचचा. म्हणजे एकोणीस वॅट-तासांच्या आसपास. दोन वॅटनं भरायला नऊ-दहा तास. ताशी 12 किलोमीटरनं धरलं तर 110 ते 120 किलोमीटर सायकल हाणायची. पुण्याहून सातारा गाठावा तेव्हा एक फोन भरणार. त्यातही दिवा बंद ठेवून, कारण तीन वॅटात दोन्ही एकदम भागत नाही. म्हणून मी म्हणतो, डायनामो आधी दिव्याला. फोन तिथंच, जिथं फोन मेलाय, लाइट दोन दिवस गेलीय आणि एक फोन लावण्यापुरती धुगधुगी पाहिजे. तेवढ्याला अर्ध्या तासाचं पायडल पुरतं, आणि तेवढ्यासाठी ही सोय अंगावर असणं मला पटतं.

ज्यांना करायचंच आहे त्यांच्यासाठी दोन-चार गोष्टी. डायनामोतनं निघते ती एसी वीज, वेगाप्रमाणं कमी-जास्त होणारी. ती सरळ फोनला जोडली की फोन गेला. मधे चार डायोडचा ब्रिज पाहिजे. साधे डायोड सव्वा ते दीड व्होल्ट खातात, आणि सहातनं दीड गेला तर हळू चालताना काही उरत नाही, म्हणून शॉटकी डायोड मागा. त्यापुढं हजार ते दोन हजार मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर, पण पन्नास व्होल्टचा. दुकानदार सोळाचा काढून देतो, घेऊ नका. उताराला, काही जोडलेलं नसताना, डायनामोचा व्होल्टेज वीस-पंचवीसच्या वर चढू शकतो आणि सोळाचा कॅपॅसिटर फुटतो. त्यापुढं पाच व्होल्ट देणारं बक मॉड्यूल. रेडिओ-टीव्ही दुरुस्तीवाल्याला सांगितलं तर तासात करून देतो.

अजून एक महत्त्वाचं. जुन्या डायनामोला एकच वायर असायची, परतीची वाट सायकलीच्या सांगाड्यातनं. ब्रिज लावल्यावर चार्जरची मायनस बाजू सांगाड्याला अजिबात टेकू द्यायची नाही. टेकली की एक डायोड बाजूला पडतो आणि डायनामो अर्धा वेळ शॉर्ट. मग लोक म्हणतात डायनामो खराब निघाला. दोन वायरी ओढा, पेटी प्लास्टिकची घ्या.

थांबल्यावर दिवा विझतो, ही तक्रार मात्र खरी आहे. ओढ्याच्या पुलावर समोरनं गाडी आली, तुम्ही थांबलात, आणि नेमका तेव्हाच दिवा गेला. त्याला इलाज, दिव्याला सुपर कॅपॅसिटर जोडायचा. एका फॅरडचा, साडेपाच व्होल्टचा बटणाएवढा मिळतो. मागचा तांबडा दिवा थांबल्यावरही काही मिनिटं मिणमिणत राहतो. जीव वाचायला तेवढा पुरे.

सोलरवाले म्हणतील, दहा वॅटचं पॅनेल छपरावर ठेवलं की दिवसात चाळीस वॅट-तास मिळतात, डायनामोला तेवढं करायला वीस तास लागतील. बरोबर आहे. फवारणी पंपाची बारा व्होल्ट, आठ अँपिअरची बॅटरी तर घरोघर आहे, ती भरलेली असली की शेतातल्या खोपीत दिवाही होतो आणि दोन-तीन फोनही. मी स्वतः खोपीला तेच वापरतो आणि दुसऱ्यालाही तेच सांगेन. पण ती खोपीची वीज झाली. वाटेवरच्या दिव्याला सोलर बॅटरीचा भरवसा मी देत नाही. चार्ज करायला विसरलं, दोन वर्षांत बॅटरी बसली, आषाढाची झड आठ दिवस उघडली नाही, की दिवा बंद. डायनामोला विसरणं नाही. चाक फिरलं की दिवा लागला.

उणंही सांगतो. बाटलीचा रोलर ओल्या चिखलात टायरवर घसरतो आणि नेमका पावसाळ्यातच दगा देतो. रोलरवर बसवायची रबरी टोपी मिळते, तिनं बराच फरक पडतो. चाकाच्या आसात बसणारा हब डायनामो घसरत नाही, ओढही कमी लागते, पण आपल्या बाजारात तो सहज मिळत नाही आणि मिळाला तर सायकलीच्या निम्म्या किमतीला. पायाला आठ-दहा वॅटचं ओझं वाढतं तेही खरं. हवा कमी असलेल्या टायरवर त्याहून जास्त ताकद रोज जाते, त्याची कुणी तक्रार करत नाही.

शेवटचं, आणि मला सगळ्यात जास्त लागलेलं. शाळेच्या पोरींना योजनेतनं सायकली मिळतात. फार चांगलं काम आहे, त्या सायकलीमुळं कितीतरी पोरींची शाळा टिकली. पण आमच्या गावात आलेल्या सायकली मी स्वतः बघितल्या. बास्केट आहे, घंटी आहे, चेनकव्हर आहे. दिवा नाही. मार्गशीर्ष-पौषात सहाला अंधार पडतो, जादा तास करून पोरगी निघते तेव्हा रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या सुरू असतात. बास्केटपेक्षा दिव्याची गरज जास्त होती, हे कागद करणाऱ्याला कसं सुचलं नाही? शाळा समितीवर जे कुणी आहेत त्यांनी पुढच्या वेळी ठरावात एवढी ओळ घालावी, की सायकल पुढच्या-मागच्या डायनामो दिव्यासह द्यावी. तोवर आलेल्या सायकलींना गावानं वर्गणी काढून दिवे बसवावेत. आपण गणपतीला लायटिंग करतो त्यातल्या दोन माळांचे पैसे लागतील.

बसवताना एक बघा. डायनामोच्या मधोमध काठी धरली तर ती बरोबर चाकाच्या आसाकडं गेली पाहिजे. तिरका बसला की महिन्यात टायरची कड खातो. आणि माळ्यावरचा जुना डायनामो काढला तर आधी रोलर बोटानं फिरवून बघा. अडकत-अडकत पण मोकळा फिरला तर लोहचुंबक शाबूत आहे, दोन थेंब तेल सोडून वापरायला घ्या. जामच झाला असेल तर भंगारात द्या, त्याच्या मागं लागू नका.